श्री. खंडोबा राव यांची सही

पुण्याहून लग्न होऊन मी मद्रासला वेस्ट मांबलममध्ये आले, तेव्हा मला सांगण्यात आलं होतं की घरात माणसं चार: सासरे, सासूबाई, सासऱ्यांचे धाकटे अविवाहित भाऊ आणि माझा नवरा. आल्यावर कळलं की पाच आहेत. पाचवा खंडोबा. तो देवघरात चांदीच्या टाकावर घोड्यावर बसलेला असायचा, पण त्याच्या मालकीचा फ्रिज जेवणघरात होता.

फ्रिजची हकीकत अशी. दोघा भावांनी तो मिळून घेतला. मामंजी, म्हणजे माझे सासरे, त्यात इडलीचं पीठ ठेवायचे. काका, म्हणजे त्यांचे धाकटे भाऊ, त्यात सोड्याच्या बाटल्या ठेवायचे. एकदा वीज गेली, पीठ फुगलं, ते बाटल्यांवर उतरलं आणि फ्रिज नक्की कोणाचा हा प्रश्न निघाला. दोघांचं बोलणं बंद झालं. मग सासूबाईंनी तोड काढली की फ्रिज देवाचा. देवाच्या फ्रिजमध्ये पीठही राहू शकतं आणि सोडाही. ही युक्ती एवढी लागू पडली की पुढे व्हॅन देवाची झाली, गच्चीवरची टाकी देवाची झाली आणि कारखान्यात देव तिसरा भागीदार झाला. त्या बाजूला देवाला धंद्यात भागीदार करून घेणारी घराणी पुष्कळ आहेत. ती भक्तीने करतात. आमच्याकडे भक्ती नव्हती असं मी म्हणणार नाही, पण मुख्य हेतू एवढाच की वस्तू एकदा देवाची झाली म्हणजे भावाची होत नाही.

सासरची मंडळी जुन्या राजांबरोबर तंजावरला गेलेल्या घराण्यांपैकी. त्यांची मराठी मला पहिले सहा महिने पोथीतली वाटायची आणि माझी त्यांना पेपरातली. मी नुसतं "पाणी द्या" म्हटलं तरी सासूबाई दचकायच्या. भांडण झालं की ते दोघे भाऊ तमिळमध्ये जायचे, आणि भांडण फार वाढलं की परत मराठीत यायचे. मराठी ऐकू आली की मी स्वयंपाकघराचं दार लावून घ्यायची.

कारखाना गिंडीला होता. तिथे वेट ग्राइंडर बनायचे. महाराष्ट्रातल्या वाचकाला सांगायला हवं की हे म्हणजे विजेचा पाटा-वरवंटाच: स्टीलचं भांडं, त्यात फिरणारे दगड, तांदूळ आणि उडीद डाळ घालून बटण दाबायचं आणि आपल्या कामाला लागायचं. तमिळ बाई नवरा सोडून परदेशी राहील, ग्राइंडर सोडून राहणार नाही. पण इकडचं यंत्र अमेरिकेतल्या विजेवर फिरत नसे, नुसतंच घुंघुं करून गरम व्हायचं. मामंजींनी तिकडच्या विजेवर चालणारी मोटर बसवून, सामानाच्या पेटीत मावेल असं लहान यंत्र तयार केलं. त्यासाठी त्यांनी वर्षभर पीठ वाटलं, आणि आम्ही वर्षभर ते खाल्लं. यंत्र मामंजींचं, पण ते अमेरिकेत विकलं काकांनी, तिथल्या तमिळ आणि तेलुगू मंडळांना पत्रं लिहून लिहून. मामंजींचं म्हणणं, चांगलं यंत्र कोणीही विकतो. काकांचं म्हणणं, विकलं नसतं तर ते यंत्र देवाच्या फ्रिजशेजारी पडलं असतं. दोघांचंही खरं होतं, म्हणूनच ते भांडण संपत नव्हतं.

नव्वदच्या दशकाची अखेर जवळ येत होती आणि इंटरनेट नावाची गोष्ट शहरात आली होती. मी त्यागरायनगरच्या एका कंप्युटर क्लासमध्ये शिकवत होते. घरात सगळे मला "कंप्युटरवाली" म्हणायचे आणि कंप्युटरबद्दल मला सोडून सगळ्यांना विचारायचे. काकांनी कुठे तरी ऐकलं की आता धंद्याला डॉट कॉम पाहिजे. आमच्या गल्लीत एक ब्राउझिंग सेंटर, म्हणजे इंटरनेटचं दुकान, निघालं होतं, त्याचा मालक आमच्यासाठी नाव नोंदवून द्यायला तयार होता. काका निघाले, मामंजी त्यांच्यावर लक्ष ठेवायला निघाले आणि मी दोघांवर.

सेंटरवाल्याने अमेरिकेतल्या नोंदणी कंपनीचा अर्ज पडद्यावर उघडला आणि नावाचा मालक कोण, असं विचारलं.

"माझें घाल," मामंजी म्हणाले. "यंत्र कोण केलें?"

"विकलें कोण?" काका म्हणाले.

मागे कॉलेजातली मुलं कंप्युटरवर बसायची वाट बघत उभी होती. भाऊ तमिळमधून मराठीत आले तसं मी ओळखलं की आता काय होणार. झालंही तेच. देवाचं घाला, म्हणाले. अर्जात आडनाव सक्तीचं होतं. आमच्याकडे घरातले सगळे पुरुष राव, तेव्हा देवही राव. ई-मेलचा पत्ता देवाला नव्हता, म्हणून सेंटरवाल्याने आपलाच घातला. अशा रीतीने श्री. खंडोबा राव, वेस्ट मांबलम, हे आमच्या कारखान्याच्या डॉट कॉमचे एकमेव मालक झाले.

मी तिथल्या तिथे म्हटलं होतं, उद्या काही अडलं तर सही कोण करणार?

"देवाचें काय अडतें, मा?" काका म्हणाले.

पुढे मामंजींनी जे केलं त्याने खरी पंचाईत झाली. ग्राइंडरच्या बुडाला ॲल्युमिनियमची तबकडी असते. तिच्या साच्यातच त्यांनी तो डॉट कॉमचा पत्ता कोरून घेतला. कागदाची चिठ्ठी पाण्याने निघून जाते, म्हणाले, ओतीव अक्षर जात नाही. त्यानंतर जेवढी यंत्रं अमेरिकेला गेली, तेवढ्यांच्या बुडाशी तो पत्ता उमटून गेला. यंत्र बिघडलं की तिकडची बाई ते उलटं करायची, पत्ता वाचायची आणि लिहायची. दगड फिरत नाही. पीठ फुगत नाही. वास येतो. पीठ न फुगण्याचं कारण यंत्र नसून न्यू जर्सीतला जानेवारी आहे, हे मामंजी प्रत्येकीला सविस्तर कळवायचे. मी ते टाइप करायची. त्यांच्या आयुष्यात एवढ्या बायका त्यांच्याशी पूर्वी कधीच बोलल्या नसाव्यात. ते रोज संध्याकाळी अंघोळ करून, शर्ट घालून उत्तरं सांगायला बसायचे.

असं दोनेक वर्षं चाललं होतं आणि एके दिवशी एक तरुण आमच्या दारात आला. तिरुवल्लिकेणीच्या एका मॅन्शनमध्ये तो राहत होता. मॅन्शन म्हणजे तिथल्या सडाफटिंग लोकांच्या खोल्यांची इमारत, एका खोलीत कॉट आणि दोरीवर वाळत घातलेली लुंगी एवढंच मावतं. पण या मुलाकडे त्या खोलीत शहरातली दोन साडीची दुकानं, एक लोणचीवाला आणि एक लग्नाचं कार्यालय होतं. म्हणजे त्यांची डॉट कॉम नावं. तो नावं गोळा करायचा. वागायला अतिशय नम्र. येताना त्याने म्हैसूरपाक आणला होता.

"सर, तुमचं नाव येत्या शुक्रवारी गळून पडतंय," तो मामंजींना म्हणाला. "मुदत संपते आहे. तुम्ही ती वाढवली नाही, तेव्हा नको असेल असं समजून मी खाली हात धरून उभा आहे. न सांगता घेणं बरं दिसत नाही, म्हणून आलो. पुढे तुम्हाला वापरायला हवं असलं तर माझ्याकडून भाड्याने घ्या."

"भाड्याने," मामंजी म्हणाले.

"किंवा दुसऱ्या ग्राइंडरवाल्यांनीही विचारलं आहे," तो संकोचून म्हणाला. "पण पहिला मान तुमचा."

कॉफी पिऊन झाल्यावर त्याने देवघर कुठे विचारलं आणि खंडोबाला साष्टांग नमस्कार घातला. ज्याचं नाव घ्यायला आला होता त्याच्याच पाया पडून तो गेला. काका म्हणाले, मुलगा संस्कारी अहे.

मी क्लासमध्ये जाऊन पाहिलं. खरं होतं. मालक खंडोबा राव, मुदत शुक्रवारपर्यंत. मुदत वाढवण्याच्या सूचना आणि खात्याचा क्रमांक सगळं सेंटरवाल्याच्या ई-मेलवर जात होतं, आणि सेंटरवाला केव्हाच दुबईला गेला होता. त्याच्या जागी आता मोसंबीचा रस मिळत होता. पत्ता बदलून द्या म्हणून मी अमेरिकेला लिहिलं. उत्तर आलं, मालकाने सही केलेलं पत्र फॅक्स करा, सोबत त्याचा फोटो असलेला सरकारी ओळखीचा पुरावा, उदाहरणार्थ गाडी चालवण्याचा परवाना.

"घोड्यावर बसतो तो. परवाना कशास?" काका म्हणाले.

मामंजी हसले नाहीत. ते गिंडीहून एक तबकडी घेऊन आले होते आणि ती मांडीवर ठेवून अक्षरांवरून बोट फिरवत होते. शुक्रवारनंतर त्या प्रत्येक तबकडीवर त्या मुलाचं किंवा दुसऱ्या कुठल्या ग्राइंडरवाल्याचं दुकान लिहिलेलं असणार होतं, मामंजींच्याच साच्यातून काढलेलं. विकून गेलेली यंत्रं काही परत बोलावता येत नाहीत. मला त्या माणसाची फार दया आली, आणि दया आली की मला राग येतो. मी म्हटलं, तेव्हाच सांगत होते. त्याचा उपयोग शून्य झाला.

पत्र मीच लिहिते म्हटलं, पण मामंजींना स्वतःच्या इंग्रजीचा अभिमान होता. त्यांनी लिहिलं की श्री. राव हे आमचे ज्येष्ठ भागीदार असून वयोमानाने अत्यंत वृद्ध आहेत, घराबाहेर पडत नाहीत आणि त्यांना सही करण्याची सवय नाही. सोबत टाकाचा फोटो जोडला. मांबलम स्टेशनजवळच्या फोन-फॅक्सच्या दुकानातून तो गेला. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं: फोटो नीट उमटलेला नाही. गृहस्थ घोड्यावर असावेत असं वाटतं. कृपया सरकारी पुरावा पाठवावा. श्री. राव हयात नसतील तर आम्हाला दुःख आहे, तसं असल्यास मृत्यूचा दाखला आणि वारसांचा अर्ज चालेल.

खरं तर यातली शेवटची वाट सगळ्यात सोपी होती. काका म्हणाले, "कॉर्पोरेशनात माझी ओळख अहे. एक दाखला मणजे..."

मामंजी उठून देवघरात गेले आणि त्यांनी आतून कडी लावली. त्या दिवशी ते जेवले नाहीत. सासूबाई मला म्हणाल्या, "कुळस्वामीच्या मरणाचा दाखला काढायास निघाला. यास लग्न करून दिलें असतें तर असें झालें नसतें." लग्न न केल्याने माणूस असा होतो हे मला नवीनच होतं.

मग मी फोन करायचं ठरवलं. आमची दिवेलागण झाली की तिकडची कचेरी उघडायची. फॅक्सच्या दुकानात काचेच्या खोक्यात मी, आणि बाहेर काचेला नाक लावून दोघे भाऊ. तिकडे एक बाई होती, आवाज मवाळ, शिकवलेला. तिने विचारलं, मिस्टर राव आहेत का?

मी म्हटलं, आहेत, पण देवघरात.

प्रार्थना झाल्यावर त्यांना फोन द्याल का?

ते बोलत नाहीत.

तिने हळुवारपणे विचारलं, अर्धांगाचा झटका वगैरे का?

खोटं बोलायचं नव्हतं आणि खरं बोलून भागणार नव्हतं. मी म्हटलं, त्यांची प्रकृती जशी पूर्वीपासून आहे तशीच आहे. ती म्हणाली, तुम्ही त्यांची फार काळजी घेताय असं दिसतं. मी म्हटलं, सून आहे ना. काचेबाहेरून काका मला काही तरी खुणा करत होते, त्या मी पाहिल्या नाहीत असं केलं.

शेवटी बुधवारी आम्ही एका वकिलाकडे गेलो. गल्लीतलेच, म्हातारे, जन्मभर देवळांचे खटले चालवलेले. त्यांना आमच्या गोष्टीत हसण्यासारखं काहीच वाटलं नाही. देवाच्या नावावर जमीन असते, तसं हे. देव कायद्याने माणूस आहे, ते म्हणाले, मालमत्ता बाळगू शकतो, कोर्टात जाऊ शकतो. फक्त तो अल्पवयीन असतो.

"केव्हापर्यंत?" मी विचारलं.

"कायमचा. मूर्ती हजार वर्षांची असली तरी. म्हणून त्याचा पालक सही करतो."

मामंजींच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा रंग आला. त्यांनी तिथेच टेबलावर मजकूर लिहिला आणि आम्ही तो तसाच फॅक्स केला: श्री. राव हे कायद्याने अल्पवयीन आहेत, तरी त्यांच्या पालकाची सही स्वीकारावी. संध्याकाळी मी फोन लावला, तर त्या बाईसमोर आमचे सगळे फॅक्स मांडलेले होते.

ती म्हणाली, पहिल्या पत्रात ते अत्यंत वृद्ध आहेत. या पत्रात अल्पवयीन आहेत. यातलं बरोबर कोणतं?

"दोन्ही," मी म्हटलं.

पलीकडे कागद उलटल्याचा आवाज आला. मग ती थकलेल्या आवाजात म्हणाली, ठीक आहे. आमच्याकडे मुलांच्या नावाने नोंदणी होत नाही, ती मुळातच चूक होती. पालकाने आपली सही आणि पासपोर्ट पाठवावा, आम्ही नाव पालकाच्याच नावावर करून मुदत वाढवतो. पालक एकच हवा. आणि उद्या.

घोडं नेमकं तिथे अडलं. पालक एकच. ज्याची सही, त्याचं नाव. इतकी वर्षं फ्रिजपासून टाकीपर्यंत जे टाळलं होतं ते अमेरिकेतल्या एका अनोळखी बाईने आमच्या ओट्यावर आणून ठेवलं. माझा नवरा तेव्हा कोइंबतूरला मोटरी आणायला गेला होता. फोनवर म्हणाला, दोघांतलं कोणीही चालेल, आणि त्याने घाईने फोन ठेवला. शहाणा माणूस.

गुरुवारी सकाळी तमिळमध्ये सुरुवात झाली. जेवणापर्यंत मराठीत आली. यंत्र कोण केलें, विकलें कोण. मामंजींचा आवाज चढत नव्हता, उलट खाली खाली जात होता. ते एवढंच म्हणत राहिले की तबकडी माझी अहे. शेवटी सासूबाई म्हणाल्या, "देवाची वस्तु अहे ना? देवास विचारा. कौल लावा."

कौल लावणं म्हणजे देवाला फुलाच्या पाकळ्या पाण्याने चिकटवायच्या, एक उजवीकडे, एक डावीकडे, आणि वाट पाहायची. जी आधी गळेल तिकडचं उत्तर खरं. उजवी थोरल्याची, डावी धाकट्याची असं ठरलं. घरातली पूजा काकांकडे असायची, म्हणून पाकळ्या त्यांनीच लावल्या. आम्ही त्यांच्या पाठीमागे उभे. पाकळी वाऱ्याने पडली असं उद्या कोणी म्हणू नये म्हणून पंखा बंद केला. आणि सगळे बसून राहिलो.

मद्रासची ती दुपार, पंखा नाही, खिडकी बंद, चार माणसं एका टाकाकडे टक लावून. मामंजींच्या टकलावरून घाम ओघळून जमिनीवर पडत होता, पाकळी मात्र पडत नव्हती. माझ्या हातात सहीचा कागद होता, तो ओला होत होता. दुकानदाराने निरोप पाठवला की अमेरिकेला फॅक्स करायचा तर लवकर या, आज मला लग्नाला जायचं आहे. तरी देव गप्पच. कंप्युटर शिकवणारी मी, आणि मीसुद्धा मनात म्हणत होते, बाबा रे, आता पाड काही तरी.

काका तोंडावर पाणी मारायला मोरीकडे गेले. सासूबाई त्यांना टॉवेल द्यायला गेल्या. मी दाराशी होते. मामंजींनी माझ्याकडे पाहिलंही नाही. त्यांनी हात पुढे केला. मला वाटलं, आता उजवी पाडणार, आणि खरं सांगते, मला ते चाललं असतं. त्यांनी डावीला बोट लावलं. पाकळी निघेना. त्यांनी नख घालून ती खरवडून काढली, जमिनीवर टाकली, बोटाकडे पाहिलं, आणि बोट वेष्टीच्या सोग्याला पुसून पुन्हा पूर्वीसारखे बसले.

काका परत आले.

"पडली," मामंजी म्हणाले. "तुझी."

काकांनी पाकळी उचलली. उलटी करून पाहिली. मग भावाकडे पाहिलं. "सरी," म्हणजे बरं, एवढंच म्हणाले आणि सही केली. पहिली सही पासपोर्टवरच्या सहीसारखी आली नाही, मला दुसरा कागद द्यावा लागला.

फॅक्स गेला. पोचल्याची पट्टी यंत्रातून निघेपर्यंत मामंजी काचेशी उभे राहिले. काका पुढे निघून गेले होते. परतताना मला राहवेना. मी म्हटलं, "मामंजी, पाकळी तुम्ही पाडलीत."

"देव कांही सांगेना. तो सांगेपर्यंत शुक्रवार झाला असता," ते म्हणाले. जरा चालून गेल्यावर पुन्हा म्हणाले, "नांव कोणाचेंही असूं दे, मा. तिकडे एकादी बाई दगड फिरत नाही मणून लिहिली, तर ती चिट्ठी आमच्या घरात यायास पाहिजे. उत्तर मीच सांगेन. त्यास मोटरमधलें काय कळतें?"

घरी आल्यावर मी देवघर आवरायला बसले. उजवी पाकळी आपोआप गळून खाली पडली होती, पाण्याने लावलेली होती ती, सुकल्यावर पडली. डावीकडे टाकावर काही तरी काळपट, चिकट लागलेलं होतं. मी बोट लावून चाखलं. गूळ होता. नैवेद्याच्या वाटीतला, बोटाने चांगला दाबून बसवलेला. ती पाकळी दिवाळीपर्यंत पडली नसती. आणि पाकळ्या काकांनी लावल्या होत्या.

मी तिथेच बसून राहिले. हसू यायला हवं होतं, पण मला रडू आलं. एवढी वर्षं ज्या दोघांनी एकमेकांना फ्रिजचा एक कप्पा दिला नाही, त्यांनी देवाला फसवून एकमेकांना द्यायचं ठरवलं होतं, आणि दोघांनाही ते कळलं होतं.

"पूस तें," सासूबाई मागून म्हणाल्या. त्या केव्हा येऊन उभ्या राहिल्या मला कळलं नाही. "मुंग्या लागतील."